संघ हरला की कोचच का जातो? आइस हॉकीतला एक हिशेब

११ नोव्हेंबर २०२३ ला एडमंटन ऑयलर्स या कॅनडातल्या आइस हॉकी संघाने सिॲटलला जाऊन ४-१ ने सामना मारला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कोचच्या हातात नारळ पडला. जे वुडक्रॉफ्ट हे त्याचं नाव. पावणेदोन वर्षांत त्याने १३३ पैकी ७९ सामने जिंकून दिले होते आणि २०२२ मध्ये तर संघाला लीगच्या उपांत्य फेरीत नेऊन बसवलं होतं. पण या नव्या हंगामात, सिॲटलच्या आधीच्या बारा सामन्यांपैकी दोनच पदरात पडले होते, आणि तळाशी लोळणाऱ्या सॅन होजे शार्क्सनेही त्यांना नमवलं होतं. निर्णय बहुधा त्याच रात्री मनात पक्का झाला असावा. सिॲटलमधला विजय यायला उशीर झाला.

या संघात कॉनर मॅकडेव्हिड होता, ज्याला आजचा जगातला सर्वोत्तम खेळाडू मानतात. लिऑन ड्रायसाइटल होता. हंगामाआधी जाणकार मंडळी ऑयलर्सना जेतेपदाचे दावेदार म्हणत होती. मग तेरा सामन्यांत कोच खेळ विसरला का? अर्थातच नाही. तो का गेला हे समजून घ्यायचं तर आधी मैदान बाजूला ठेवून हिशेबाची वही उघडावी लागते.

त्याआधी थोडी ओळख. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि टर्फ. उत्तर अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची, पायात स्केट्स घालून रबराच्या चपट्या चकतीमागे धावण्याची. या चकतीला पक म्हणतात. तिथली सर्वोच्च लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग, एनएचएल. संघ ३२, त्यातले ७ कॅनडाचे आणि उरलेले अमेरिकेचे. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघ ऐंशीहून जास्त सामने खेळतो, मग सोळा संघांची बाद फेरी, आणि जूनमध्ये जेत्याला स्टॅन्ली कप. कॅनडात हा खेळ लोकांच्या रक्तात आहे. टोरंटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनला स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलंही शाळेत मित्रांबरोबर टिकून राहायचं म्हणून टोरंटोच्या मेपल लीफ्स संघाची जर्सी मागतात, आणि पंजाबीत तर या सामन्यांचं समालोचन २००८ पासून होतं आहे. गंमत म्हणजे इतकं वेड असूनही १९९३ नंतर एकाही कॅनडियन संघाने कप उचललेला नाही. हे दुखणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कोच नेमकं करतो काय? क्रिकेटमध्ये मैदानात कप्तानाचं चालतं आणि कोच ड्रेसिंग रूममध्ये बसून असतो. इथे उलटं. बर्फावर एका वेळी गोलरक्षक धरून सहा जण असतात, आणि एक खेळाडू साधारण पाऊण मिनिटच बर्फावर राहतो, कारण त्या वेगात त्याहून जास्त दम टिकत नाही. खेळ चालू असतानाच तो कठड्यावरून उडी मारून बाकावर येतो आणि दुसरा उडी मारून आत जातो. सामनाभर हे सुरू असतं. बाकामागे सूट-टायमध्ये उभा असलेला कोच ठरवतो, आता कोण जाणार, कोणासमोर कोण जाणार. आक्रमणाच्या तिकड्या कशा लावायच्या, समोरच्यांचा एक जण शिक्षेमुळे बाहेर असताना कोणते पाच पाठवायचे, गोलरक्षक कधी बदलायचा, सगळं त्याच्या हातात. एखाद्या पोराने चूक केली तर कोच ओरडत नाही, फक्त त्याची पाळी आली की खांद्यावर हात ठेवत नाही. तो मुलगा दहा-पंधरा मिनिटं बाकावर बसून राहतो आणि वीस हजार लोकांना ते दिसतं.

म्हणजे कोचकडे खरी सत्ता आहे. पण ही सत्ता फक्त मिनिटं वाटण्याची. खेळाडू विकत घेणं, विकणं, करार करणं हे जनरल मॅनेजरचं काम. सगळी मेख इथेच आहे.

२००४-०५ चा अख्खा हंगाम एनएचएलमध्ये खेळलाच गेला नाही. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात पगारावरून जुंपली आणि मालकांनी टाळं ठोकलं. त्यातून सॅलरी कॅप आली. प्रत्येक संघाने खेळाडूंच्या पगारावर ठरावीक रकमेपेक्षा एक डॉलरही जास्त खर्च करायचा नाही. २००५-०६ मध्ये ही मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२३-२४ मध्ये ८ कोटी ३५ लाख. मालक कितीही गडगंज असो, नियम सर्वांना सारखा. शिवाय करार पक्के असतात. खेळाडू वाईट खेळला म्हणून त्याचा पगार बुडवता येत नाही. मोठ्या खेळाडूंच्या करारात तर अशी कलमं असतात की त्यांच्या मर्जीशिवाय त्यांना दुसऱ्या संघाला देता येत नाही. टोरंटोने २०१९-२० मध्ये चार आक्रमकांच्या पगारात मर्यादेचा जवळजवळ निम्मा पैसा गुंतवला होता. उरलेल्या निम्म्यात बाकीचा सगळा संघ.

आता कोचचा पगार या मर्यादेत धरला जात नाही. त्याला घालवलं तर मालकाच्या खिशातून पैसे जातात खरे, पण कॅपवर शून्य परिणाम. लग्नात जेवण फसलं तर व्याही बदलता येत नाहीत, हॉल बदलता येत नाही, पाहुणे तर नाहीच नाही. मग सगळे आचाऱ्याकडे वळतात. एनएचएलचा कोच हा तो आचारी.

एडमंटनमध्येच याचं ढळढळीत उदाहरण आहे. २०२२ च्या जुलैत त्यांनी गोलरक्षक जॅक कॅम्पबेल याच्याशी पाच वर्षांचा, वर्षाला ५० लाख डॉलरचा करार केला. तो चालला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात, वुडक्रॉफ्ट जायच्या काही दिवस आधी, त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं. तरी त्या ५० लाखांतले साडेअडतीस लाख कॅपवर बसूनच राहिले, कारण नियम फक्त साडेअकरा लाखांची सूट देतो. पुढच्या उन्हाळ्यात संघाने त्याचा करार पैसे देऊन संपवला. त्याचा नियम असा की उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात फेडायचा. तीन वर्षं उरली होती, म्हणजे सहा वर्षं फेड. २०३० पर्यंत ऑयलर्सच्या वहीत कॅम्पबेलचं नाव राहणार. आणि कोच? एका पत्रकार परिषदेत विषय संपला. कॅम्पबेलशी करार कोचने केला नव्हता, मॅनेजरने केला होता. कोच बदलण्याचा निर्णय जाहीर करायला मात्र तोच मॅनेजर बसला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आता तुम्ही म्हणाल, पण कोच बदलल्यावर फरक पडला की! पडला, आणि भरपूर पडला. नवा कोच क्रिस नॉब्लॉक याच्या हाताखाली ऑयलर्स ६९ पैकी ४६ सामने जिंकले. डिसेंबर-जानेवारीत तर सलग १६, लीगच्या विक्रमाला एक कमी. जून २०२४ मध्ये ते अंतिम फेरीत होते. फ्लोरिडाविरुद्ध ०-३ ने मागे पडून ३-३ केलं आणि सातवा सामना २-१ ने हरले. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॅकडेव्हिडचं नाव पुकारलं गेलं, तर तो बर्फावर आलाच नाही.

मग वुडक्रॉफ्टचंच चुकत होतं का? इथे थोडं गणित पाहावं लागेल, पण सोपं आहे. एनएचएलमध्ये गोलवर आलेल्या शंभर फटक्यांपैकी गोलरक्षक साधारण नव्वद अडवतो. तेच आकडे उलटे धरले तर आक्रमकांचे शंभरातले दहा फटके गोल होतात. दोन्ही टक्केवारींची बेरीज केली तर पूर्ण लीगची मिळून बरोबर शंभर येते, येणारच. एखाद्या संघाची ही बेरीज दहा-बारा सामन्यांसाठी ९५ वर घसरू शकते. पक गोलच्या खांबाला लागून बाहेर जातो, समोरच्याचा फटका कुणाच्या तरी पायाला लागून आत जातो. पण पूर्ण हंगामात बहुतेक संघ शंभराच्या आसपास परततात. २०२३ च्या त्या पहिल्या महिन्यात ऑयलर्स फटके भरपूर मारत होते, संधी भरपूर तयार करत होते. त्यांच्या गोलरक्षकांची टक्केवारी मात्र लीगच्या तळाशी होती. ती तिथे कायम राहणार नव्हतीच. संघ खड्ड्यात असतानाच कोच काढतात, शिखरावर असताना नाही. त्यामुळे नव्या कोचच्या काळात आकडे वर जाणं जवळजवळ ठरलेलंच असतं. ताप उतरायच्या दिवशी जो वैद्य येतो त्याच्या हाताला गुण. नॉब्लॉकने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. बचावातली शिस्त त्याच्या काळात सुधारली, हे खेळ पाहणाऱ्यांना दिसत होतं. पण सोळा सामन्यांचा धडाका एका माणसाच्या आगमनावर टाकणं मला पटत नाही.

ज्यांना हे पटत नाही ते सेंट लुईसचं उदाहरण काढतात. खरं तर ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात सेंट लुईस ब्लूजने कोच माइक यो याला काढलं आणि क्रेग बेरूबेला हंगामी कोच केलं. पुढच्या जूनमध्ये त्यांनी बोस्टनला त्यांच्याच घरी सातव्या सामन्यात ४-१ ने हरवून इतिहासातला पहिला कप जिंकला. बातम्यांत ही कथा अशी सांगतात: कोच बदलला, नशीब पालटलं. मधले दोन महिने सगळे विसरतात. बेरूबे आल्यावर डिसेंबरात सरावाच्या वेळी दोन सहकारी एकमेकांवर ठोसे घेऊन धावले होते. आणि ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी, म्हणजे नवा कोच येऊन सहा आठवडे झाल्यावर, ब्लूज पूर्ण लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर होते. ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन नावाचा पंचविशीतला गोलरक्षक पहिल्यांदा सुरुवातीपासून उभा राहिला आणि फिलाडेल्फियाला एकही गोल करू दिला नाही. तिथून गाडी सुटली. हंगामात त्याने तीस सामन्यांत सुरुवात केली आणि चोवीस जिंकले.

बेरूबेला श्रेय नको असं नाही. तुटलेल्या ड्रेसिंग रूममध्ये त्याने वरिष्ठांशी समोरासमोर बोलून घडी बसवली, असं खेळाडूच सांगतात. पण याच सेंट लुईसने १२ डिसेंबर २०२३ ला याच बेरूबेला काढलं. त्याच हंगामात मिनेसोटाने डीन एव्हसनला काढून जॉन हाइन्सला आणलं, ज्याला काही महिन्यांपूर्वी नॅशव्हिलने काढलं होतं. बेरूबे मे २०२४ मध्ये टोरंटोला गेला, कारण टोरंटोने शेल्डन कीफला काढलं. कीफ दोन आठवड्यांत न्यू जर्सीला रुजू झाला. सगळी भांडी त्याच त्या फडताळावरची, फक्त खण बदलतो.

आता माध्यमांकडे येऊ. सामना संपल्यावर काही मिनिटांत ड्रेसिंग रूमचं दार पत्रकारांसाठी उघडतं. ही लीगची पद्धतच आहे. खेळाडू आपापल्या खणासमोर बसलेला असतो, अर्धं संरक्षक सामान अंगावरच, केस ओले, मानेवर टॉवेल. कुठे नाकात कापूस, कुठे नुकतेच घातलेले टाके. जमिनीवर मध्यभागी संघाचं मोठं बोधचिन्ह असतं आणि त्यावर पाय द्यायचा नाही, त्यामुळे कॅमेऱ्यांचा घोळका त्याला वळसा घालून येतो. आठ-दहा माइक तोंडाशी. प्रश्न एकच, फक्त वेगवेगळ्या शब्दांत: का हरलात? आणि उत्तरंही तीच. साठ मिनिटं खेळायला हवं होतं. आम्हाला आमच्या खेळाकडे परतायला हवं. पक समोरच्यांच्या हद्दीत खोलवर न्यायला हवा. ऐकणाऱ्याला वाटतं, हे काय पाठांतर! पण त्या मुलाच्या जागी बसून पाहा. गोलरक्षक वाईट खेळला असं म्हटलं तर उद्या त्याच्याच शेजारी बसायचं आहे. कोचने चुकीची तिकडी लावली असं म्हटलं तर परवा बाकावर. काहीच न बोलणं चालत नाही, कारण बोलणं नोकरीचा भाग आहे. मग माणूस असं बोलतो की ज्यात काही सापडणार नाही.

हे गाऱ्हाणं सगळ्या शहरांत सारखं नाही. अमेरिकेतल्या काही शहरांत सरावाला दोन-तीन पत्रकार येतात. टोरंटो आणि माँट्रियलमध्ये जत्रा असते. टोरंटो मेपल लीफ्सने शेवटचा कप १९६७ मध्ये जिंकला. दरवर्षी अपेक्षा, दरवर्षी अपेक्षाभंग, आणि दिवसभर चालणारे खेळाचे रेडिओ, वाहिन्या, पॉडकास्ट. त्यांना रोज काहीतरी हवं. मंगळवारी सामना नसला तर मंगळवारी चर्चा कशावर? कोचवर. त्यात टोरंटोची गोष्ट आणखी मजेशीर. २०१२ पासून या संघाच्या मालक कंपनीतला मोठा हिस्सा बेल आणि रॉजर्स या दोन दूरसंचार कंपन्यांकडे होता, आणि कॅनडातल्या दोन मुख्य क्रीडा वाहिन्या याच दोघांच्या. २०२५ मध्ये रॉजर्सने बेलचा वाटाही घेतला. पूर्ण कॅनडासाठी एनएचएलच्या प्रक्षेपणाचे हक्कही रॉजर्सकडेच. म्हणजे रॉजर्सच्या वाहिनीवर संध्याकाळच्या कार्यक्रमात कोचला धारेवर धरणाऱ्या निवेदकाचा पगार आणि त्या कोचचा पगार शेवटी एकाच तिजोरीतून येतो. यात कट-कारस्थान शोधायची गरज नाही. पत्रकार तिथे मालकावरही टीका करतात. पण एक गोष्ट उघड आहे, गोंधळ जितका मोठा तितके प्रेक्षक जास्त, आणि प्रेक्षक जास्त तर दोन्ही खिशांत पैसा.

या गोंधळाचा मार खेळाडू कसा खातो ते फिल केसलच्या बाबतीत दिसलं. जानेवारी २०१५ मध्ये लीफ्सने कोच रँडी कार्लाइलला काढलं, तेव्हा एका पत्रकाराने केसलला तोंडावर विचारलं की तू सांभाळायला अवघड खेळाडू आहेस का. केसल भडकला आणि तिथून निघून गेला. सहा महिन्यांत त्याची पिट्सबर्गला रवानगी झाली. लगेच एका स्तंभलेखकाने लिहिलं की हा गडी रोज दुपारी रस्त्यावरच्या गाडीवर हॉट डॉग खायला जायचा. त्या गोष्टीच्या तपशिलांवरच पुढे शंका घेतल्या गेल्या, पण तोवर ती सगळीकडे पसरली होती. केसल पिट्सबर्गबरोबर २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन कप जिंकला. पोट तेच होतं.

पण कोच बदल आणि माध्यमं यांची गाठ सर्वांत वाईट कुठे पडली असेल तर माँट्रियलमध्ये, १९९५ साली. हा प्रसंग जरा सविस्तर सांगतो.

माँट्रियल कॅनेडियन्स हा लीगमधला सर्वाधिक कप जिंकलेला संघ. १९८६ आणि १९९३ चे कप त्यांना मिळाले ते मुख्यतः पॅट्रिक रॉय या गोलरक्षकामुळे. १९९५ च्या ऑक्टोबरात हंगामाची सुरुवात ओळीने पराभवांनी झाली आणि व्यवस्थापनाने मॅनेजर आणि कोच दोघांनाही काढलं. नवा कोच कोण? मारिओ ट्रेंब्ले. जुना खेळाडू, रॉयचा एकेकाळचा सहकारी, आणि त्या वेळी समालोचक. कोच म्हणून अनुभव शून्य. नवा मॅनेजर रेजाँ ऊल, त्यालाही त्या कामाचा अनुभव शून्य. काल जो माणूस माइक हातात घेऊन बोलत होता तो आज रॉयला काय करायचं ते सांगणार होता. दोघांचं पहिल्यापासून पटलं नाही.

२ डिसेंबर १९९५, शनिवारची रात्र, माँट्रियल फोरम, समोर डेट्रॉइट. गोलमागून गोल होत गेले. अशा वेळी कोच गोलरक्षकाला बाहेर काढतो, त्याची लाज राखतो, हा अलिखित रिवाज. ट्रेंब्लेने काढलं नाही. मधेच रॉयने एक साधा फटका अडवला तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी कुचेष्टेने टाळ्या वाजवल्या. रॉयने दोन्ही हात वर करून त्यांना उपरोधिक अभिवादन केलं. २६ फटक्यांत ९ गोल झाल्यावर, दुसऱ्या सत्रात, त्याला बोलावलं. रॉय बाकावर आला, ट्रेंब्लेसमोरून पुढे गेला, मग परत फिरून बाकामागे बसलेल्या क्लबच्या अध्यक्षाकडे वाकला आणि त्याला सांगितलं की माँट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. हे सगळं थेट प्रक्षेपणात. सामना ११-१ असा गेला.

एरवी अशा भांडणावर रात्रीत पडदा पडू शकतो. पण दुसऱ्या दिवशी क्विबेकमधलं प्रत्येक वर्तमानपत्र, प्रत्येक वाहिनी याच विषयावर. कुणालाच मागे हटता येईना, कारण मागे हटणं पहिल्या पानावर छापलं जाणार होतं. ६ डिसेंबरला रॉयला कोलोरॅडोला देऊन टाकलं. सहा महिन्यांनी, जून १९९६ मध्ये, कोलोरॅडोने कप जिंकला. ट्रेंब्ले १९९७ मध्ये गेला. माँट्रियलला १९९३ नंतर आजवर कप मिळालेला नाही.

त्याच शहरात २०११ च्या डिसेंबरात आणखी एक प्रकार घडला. कोच जाक मार्टिनला काढून रँडी कनीवर्थला हंगामी नेमलं. त्याला फ्रेंच येत नव्हतं. झालं, संघ हरतोय हे बाजूला राहिलं आणि भाषेवरून रान पेटलं, निदर्शनं झाली, शेवटी मालकाला जाहीर करावं लागलं की कायमचा कोच दोन्ही भाषा बोलणारा असेल. आपल्यापैकी ज्यांनी मराठी पाट्यांपासूनचे सगळे वाद पाहिलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. प्रेक्षकांची बाजू अगदीच चुकीची होती असं मला वाटत नाही. आपल्या गावच्या संघाचा माणूस आपल्याशी आपल्या भाषेत बोलावा ही इच्छा रास्त आहे. पण कोच निवडताना आधीच मूठभर असलेल्या लायक माणसांची यादी त्यामुळे आणखी आखडते, हेही खरं.

इथवर वाचून वाटेल की कोच बिचारा आणि माध्यमं खलनायक. इतकं सरळ नाही. माइक बॅबकॉकची गोष्ट ऐका. डेट्रॉइटबरोबर कप, कॅनडाबरोबर ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं. २०१५ मध्ये टोरंटोने त्याच्याशी आठ वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा करार केला. २० नोव्हेंबर २०१९ ला, सलग सहा पराभवांनंतर, त्याला काढलं. करारातली तीनहून अधिक वर्षं शिल्लक होती. त्यानंतर काही दिवसांत एक जुनी गोष्ट छापून आली. पदार्पणाच्या हंगामात मिच मार्नर या एकोणीस वर्षांच्या मुलाला बॅबकॉकने सांगितलं होतं की संघातल्या सगळ्यांची मेहनतीनुसार यादी कर. त्याने केली. मग ती यादी, शेवटी कोणाची नावं होती त्यासकट, बॅबकॉकने वरिष्ठ खेळाडूंपर्यंत पोचवली. मार्नरने हे घडल्याचं मान्य केलं, बॅबकॉकने माफी मागितल्याचंही समोर आलं. तीन वर्षं हे ड्रेसिंग रूमच्या भिंतींत राहिलं होतं.

ते बाहेर येताच अकीम अलियू या नायजेरियात जन्मलेल्या माजी खेळाडूने समाजमाध्यमावर लिहिलं की दहा वर्षांपूर्वी खालच्या लीगमध्ये बिल पीटर्स या कोचने त्याच्यावर वर्णद्वेषी शब्द वापरले होते. पीटर्स त्या वेळी कॅल्गरीचा कोच होता. चार दिवसांत त्याने राजीनामा दिला. डिसेंबरात लीगच्या आयुक्तांनी संघांना बजावलं की असं काही कानावर आलं तर ताबडतोब कळवा. हे पत्रकारांनी आणि समाजमाध्यमांनी केलं, क्लबांनी आपण होऊन केलं नाही. आणि बॅबकॉक? जुलै २०२३ मध्ये कोलंबसने त्याला पुन्हा संधी दिली. सप्टेंबरात एका माजी खेळाडूने आपल्या पॉडकास्टवर सांगितलं की नवा कोच खेळाडूंना फोनमधले फोटो दाखवायला सांगतोय. कप्तानाने आधी सारवासारव केली, खेळाडूंच्या संघटनेची माणसं चौकशीला आली, आणि एकही सामना न खेळवता १७ सप्टेंबरला बॅबकॉक पायउतार झाला.

सत्तेचा काटा आता खेळाडूंकडे झुकलाय, अशी कुजबुज त्यामुळेच सुरू असते. एडमंटनमध्ये तर ती उघड झाली. नॉब्लॉक हा मॅकडेव्हिडचा कुमार वयातला कोच, आणि हॉकी विभागाचा प्रमुख जेफ जॅक्सन हा त्याआधी मॅकडेव्हिडचा एजंट. व्यवस्थापन म्हणालं, खेळाडूंना विचारून काही केलेलं नाही. असेलही. पण अशा संघात विचारायची गरज तरी कुठे असते?

शेवटी एक संघ असा, ज्याने कोच काढला नाही. २०१८-१९ मध्ये टँपा बे लाइटनिंगने ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच बाद फेरीत कोलंबसकडून ०-४ असा सपाटून मार खाल्ला. नियमित हंगामात पहिला आलेला संघ पहिल्या फेरीत एकही सामना न जिंकता बाहेर, असं १९६७-६८ पासून तोवर कधी घडलं नव्हतं. टोरंटोत असता तर त्यांच्या कोचचं, जॉन कूपरचं, सामान त्याच आठवड्यात फुटपाथवर आलं असतं. टँपाच्या मॅनेजरने, जुलियन ब्रिझबुआने, कोच ठेवला आणि तळाच्या फळीत दोन-तीन दणकट खेळाडू आणले. २०२० चा कप टँपाने जिंकला, २०२१ चाही. फ्लोरिडात माइक कमी असतात, त्याचा हातभार लागलाच असणार.

आणि त्यांना धुणारा कोलंबस? त्यांचा कोच जॉन टॉर्टोरेला २०२१ मध्ये गेला. मग ब्रॅड लार्सन, २०२३ मध्ये तोही गेला. मग अडीच महिने बॅबकॉक. मग पास्कल व्हिन्सेंट, एक हंगाम. २०२४ मध्ये एव्हसन आला, तोच, मिनेसोटाने काढलेला. २०२५ मध्येही टँपाच्या बाकामागे कूपरच उभा होता.